हवा कुठे अडकेल, पाणी कुठे साचेल: ज्यूस हीटरच्या आराखड्यात व्हेंट आणि ड्रेनची सोय

गळीत हंगाम ऐन भरात होता आणि सल्फायटेड (सल्फर डायऑक्साइड देऊन शुद्ध केलेल्या) उसाच्या रसाचा एक हीटर काही केल्या तापेना. रस १०२ अंशांवर जायला हवा, तो ९४च्या पुढे सरकत नव्हता. रस वाहतो त्या नळ्यांत स्केल (क्षारांचा थर) बसलं असेल म्हणून दोनदा हीटर बंद करून ब्रश मारला, तरी गुण आला नाही. मग शेलवर, म्हणजे नळ्यांभोवतीच्या वाफेच्या पिंपावर, ठिकठिकाणी तापमापक लावून पाहिलं. वाफ शिरते त्या बाजूला १०८ अंश, आणि समोरच्या बाजूला, वरच्या ट्यूबप्लेटखाली (नळ्यांची टोकं बसवलेल्या जाड चकतीखाली), जेमतेम ८५. तिथे वाफ पोचतच नव्हती, हवा ठाण मांडून बसली होती. शेलला व्हेंट (हवा बाहेर सोडायची वाट) होता, पण तो वाफेच्या नोझलला (आत येण्याच्या तोंडाला) अगदी खेटून दिलेला. त्यातून आत आलेली ताजी वाफच बाहेर जात होती. त्या आराखड्यावर तपासणाऱ्यांत माझीही सही होती. पुढच्या सफाईच्या बंदमध्ये समोरच्या बाजूला दोन व्हेंट बसवले आणि रस १०२ वर गेला.

तेव्हापासून माझ्या कामाचा क्रम बदलला. पूर्वी नळ्या, बॅफल (शेलमधला प्रवाह वळवणाऱ्या चकत्या), नोझल, सपोर्ट सगळं काढून झाल्यावर उरलेल्या जागेत व्हेंट आणि ड्रेन (साचलेलं पाणी सोडायची वाट) टाकायचो. आता बॅफलची पहिली रेघ ओढण्याआधी दोन प्रश्न विचारतो: या उपकरणात हवा कुठे अडकेल आणि पाणी कुठे साचेल? या लेखात हे काम पायरीपायरीने कसं करायचं ते साखर कारखान्यातल्या उभ्या ज्यूस हीटरच्या उदाहरणाने सांगतो. तत्त्वं रिफायनरीतल्या कंडेन्सरलाही तीच लागू पडतात.

आधी हवेची ताकद समजून घ्या

वाफ ट्यूबवर येऊन पाणी होते, हवा होत नाही. वाफेबरोबर आलेली हवा ट्यूबजवळ मागे राहते आणि तिचा पातळ पडदा तयार होतो. पुढच्या वाफेला त्या पडद्यातून वाट काढत ट्यूबपर्यंत यावं लागतं. डोनाल्ड ऑथमर यांनी १९२९ साली प्रयोगाने दाखवलं, की वाफेत अर्धा टक्का हवा असली तरी उष्णता-संक्रमणाचा गुणांक जवळपास निम्म्यावर येतो. अर्धा टक्का म्हणजे प्रेशर गेजवर दिसणारसुद्धा नाही.

दुसरा फटका तापमानाचा. शेलमध्ये एकूण दाब १ बार निरपेक्ष असेल आणि सगळी वाफ असेल, तर तापमान ९९.६ अंश. त्यात १० टक्के हवा मिसळली की वाफेच्या वाट्याचा दाब ०.९ बार उरतो आणि तापमान ९६.७ वर येतं. २० टक्क्यांना ते ९३.५ होतं. गेज तोच आकडा दाखवत राहतो, म्हणून ऑपरेटरला वाटतं वाफ पुरेशी आहे आणि दोष नळ्यांचा आहे.

साखर कारखान्यात हा त्रास जास्त, कारण हीटरला येणारी वाफ बहुधा बॉयलरची नसते. ती इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणाऱ्या भांड्यांच्या साखळीच्या) एका बॉडीतून, म्हणजे भांड्यातून, काढलेली व्हेपर असते. न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियूने १८४३ साली पेटंट घेतलेल्या बहुपरिणामी बाष्पीभवनाचा हाच गाभा: एका बॉडीतल्या रसाची वाफ पुढच्या बॉडीला इंधन. पण रस उकळताना त्यात विरघळलेली हवा, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा अमोनियाही सुटतो, आणि हे सगळं वाफेबरोबर पुढे जातं. कारखान्यात याला ‘नॉक्शस गॅस’ म्हणतात. हे वायू नुसते जागा अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साइड कंडेन्सेटमध्ये (वाफेच्या झालेल्या पाण्यात) विरघळून पोलादाला खातो, आणि अमोनिया साचला की पितळी नळ्या बाहेरून कुरतडल्या जातात. कुठे कुरतडल्या आहेत ते पाहिलं की व्हेंट कुठे हवा होता ते कळतं.

पायरी १: बंद जागांची यादी करा

कागदावर उपकरणाचा उभा छेद काढा आणि एकमेकींपासून वेगळ्या असलेल्या सगळ्या जागांना नंबर द्या. शेल ही एक जागा. रसाच्या बाजूला मात्र अनेक असतात, आणि इथेच बहुतेक जण चुकतात.

समजा हीटर आठ पासचा आहे, म्हणजे रस नळ्यांतून आठदा वर-खाली जातो, आणि रसाचं इनलेट-आउटलेट दोन्ही खालच्या हेडला (टोकाच्या पेटीला) आहेत. मग खाली पाच कप्पे होतात, वर चार. एकूण नऊ, पासच्या संख्येपेक्षा एक जास्त. वरचा प्रत्येक कप्पा म्हणजे उपडा ठेवलेला पेला, त्यात हवा अडकते. खालचा प्रत्येक कप्पा म्हणजे वाटी, त्यात रस साचतो. तळाला एकच ड्रेन दिला तर एक वाटी रिकामी होईल, बाकी चार भरलेल्या राहतील. झाकण उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर तो गरम रस येतो.

टेमा या हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्यांच्या अमेरिकन संस्थेच्या मानकाचा या बाबतीतला आशय साधा आहे: जी उंच किंवा सखल जागा मुख्य नोझलमधूनच मोकळी होत नाही, तिला वेगळी जोडणी द्या. यादीतल्या प्रत्येक नंबरासमोर ‘सर्वात उंच बिंदू’ आणि ‘सर्वात सखल बिंदू’ असे दोन रकाने करा. एकही रकाना रिकामा ठेवू नका.

स्वच्छ पाण्याच्या एक्स्चेंजरमध्ये पास पार्टिशनला तळाशी ६ मिलिमीटरचं भोक पाडून कप्पे एकमेकांत मोकळे करता येतात. रसासाठी हा मार्ग मी वापरत नाही. बगॅसिलोने (उसाच्या चोथ्याच्या बारीक तंतूंनी) ते भोक काही तासांत बुजतं, आणि बुजू नये म्हणून मोठं केलं तर रस नळ्यांतून न जाता भोकातून पुढच्या पासमध्ये पळतो. म्हणून प्रत्येक खालच्या कप्प्याला स्वतंत्र ड्रेन आणि प्रत्येक ड्रेनला स्वतःचा व्हॉल्व्ह. पाचही ड्रेन एका हेडरला (सामायिक पाइपाला) जोडून हेडरवर एकच व्हॉल्व्ह ठेवणं ही त्याच चुकीची मोठी आवृत्ती, कारण मग हेडरच शॉर्टकट होतो. वरच्या कप्प्यांनाही प्रत्येकी एक छोटा कॉक द्या. चालू हीटरमध्ये सेकंदाला दीड-दोन मीटर वेगाने जाणारा रस हवा ओढून नेतो. पण भरताना हवा बाहेर जायला आणि रिकामा करताना आत यायला हा कॉक लागतोच.

पायरी २: शेलमध्ये वाफेचा प्रवास काढा

सर्वात जास्त वेळ मी या पायरीवर घालवतो. नोझलपासून सुरुवात करून वाफ कुठून कुठे जाईल ते बाणांनी काढा. जिथे शेवटचा बाण संपतो, तिथे वायू गोळा होणार. वाफ वाटेत पाणी होत जाते, हवा मात्र प्रवाहाबरोबर ढकलली जाते आणि जिथे वाफेचा वेग मरतो तिथे थांबते. व्हेंटची जागा तीच: वाफेच्या नोझलपासून सर्वात लांब, प्रवाहाच्या शेपटाला.

हवा हलकी म्हणून व्हेंट नेहमी वर, असा एक समज आहे. १०० अंशांना वातावरणाच्या दाबाखाली वाफेची घनता घनमीटरला सुमारे ०.६० किलो असते, हवेची ०.९५. म्हणजे हवा वाफेपेक्षा जड. कार्बन डायऑक्साइड त्याहून जड, अमोनिया वाफेपेक्षा किंचित हलका. म्हणून उभ्या हीटरला आणि इव्हॅपोरेटरच्या कॅलेंड्रियाला (वाफेने तापणाऱ्या नळ्यांच्या भागाला) व्हेंट वरही हवेत आणि खालीही. खालचे व्हेंट कंडेन्सेटच्या पातळीच्या पुरेसे वर असावेत, नाहीतर ते पाणीच ओढतील. मोठ्या कॅलेंड्रियात वायूचे कोपरे एकापेक्षा जास्त असतात, म्हणून तिथे एका व्हेंटवर भागत नाही.

आता वरच्या ट्यूबप्लेटचा प्रश्न. शेलवरचं नोझल ट्यूबप्लेटला अगदी चिकटवता येत नाही; फ्लँज आणि वेल्डला जागा लागते. त्यामुळे नोझल आणि ट्यूबप्लेट यांच्यामध्ये एक चकतीसारखी जागा उरते, तिच्यातला वायू कधीच बाहेर पडत नाही. उपाय असा: ट्यूबप्लेटच्या कडेतून आत आडवं भोक घ्यायचं आणि ते शेलच्या बाजूच्या तोंडावर उघडायचं. ट्यूबप्लेट जाड असते, त्यामुळे हे शक्य होतं. पण ते ड्रिलिंग आराखड्यात आधी दाखवावं लागतं, कारण नळ्या बसल्यावर तिथे ड्रिल पोचत नाही.

शेलमध्ये थंड पाणी आणि स्टेनलेसच्या नळ्या असलेल्या उभ्या कूलरमध्ये ही चकती जास्त घातक ठरते. हवेमुळे नळ्यांचा वरचा तुकडा कोरडा-ओला होत राहतो, पाण्यातले क्लोराइड तिथे वाळून घट्ट होतात, आणि ३०४ स्टेनलेसला ताण-गंजाच्या बारीक भेगा जातात. नळ्या वरच्याच काही सेंटिमीटरमध्ये फुटत असतील, तर धातू बदलण्याआधी व्हेंट तपासा.

व्हेंटचा पाइप न्यायचा कुठे? पहिल्या बॉडीसारखी दाबाखालची वाफ असेल तर वातावरणात, व्हॅक्यूमखालची असेल तर कंडेन्सरकडे. प्रत्येक व्हेंटची लाइन आणि व्हॉल्व्ह वेगळा ठेवा. एका बॉडीचा व्हेंट पुढच्या बॉडीच्या कॅलेंड्रियात सोडण्याची पद्धत वाफ वाचवते, पण मागचा सगळा वायू पुढच्याच्या गळ्यात पडतो. त्या पुढच्या बॉडीचे व्हेंट तेवढे मोठे नसतील तर हे करू नये.

आणि व्हेंट-लाइनवर, व्हॉल्व्हच्या आधी, तापमापकासाठी एक खिसा द्या. फारसा खर्च नसलेली ही गोष्ट हंगामभर उपयोगी पडते. व्हेंटचं तापमान शेलमधल्या दाबाच्या संपृक्त तापमानाइतकंच (त्या दाबाला पाणी उकळतं तितकंच) असेल तर वाफ वाया जात आहे, व्हॉल्व्ह थोडा आवळा. काही अंशांनी कमी असेल तर वायू निघत आहे. खूपच कमी असेल तर व्हॉल्व्ह उघडायला हवा. खिसा नसेल तर ऑपरेटर सवयीने व्हॉल्व्ह ठेवतो, आणि सवय बहुधा बंद ठेवण्याची असते.

पायरी ३: कंडेन्सेटला उतार आणि रुंद वाट

एक हिशेब करू. ताशी १०० टन रस ७० वरून १०० अंशांवर न्यायचा आहे. रसाची विशिष्ट उष्णता साधारण ३.८ किलोज्यूल धरली तर ताशी ११,४०० मेगाज्यूल लागतील. वाफेची सुप्त उष्णता २,२५० किलोज्यूल धरून ताशी सुमारे ५.१ टन कंडेन्सेट होतं, म्हणजे जवळपास ५.३ घनमीटर.

हे पाणी ५० मिलिमीटरच्या पाइपातूनही जाईल, पण पाइप पूर्ण भरून, गुडगुडत, आणि वरची वाफ खाली ओढत. पाणी खाली जाताना त्याच पाइपातून वायू वर यावा असं हवं असेल, तर फ्रूड अंक (प्रवाहाच्या वेगाची गुरुत्वाकर्षणाशी तुलना करणारा अंक) ०.३ च्या आत ठेवतात. वरच्या प्रवाहाला त्या हिशेबाने सुमारे ८३ मिलिमीटर व्यास येतो, म्हणून १०० चा पाइप घ्या. हीटरपासून ट्रॅप (पाणी सोडून वाफ अडवणारी झडप) किंवा सायफनपर्यंतचा उभा भाग या मापाचा ठेवला की पातळी शांत राहते.

कंडेन्सेटचं नोझल शेलच्या बाजूला दिलं तर खालच्या ट्यूबप्लेटवर काही सेंटिमीटर पाणी कायम राहतं. तेवढी नळी बुडालेली, म्हणजे तेवढं क्षेत्रफळ गेलं, आणि थंड पाण्यावर गरम वाफ आदळून ठोके बसतात ते वेगळंच. नोझल जितकं खाली नेता येईल तितकं न्या, आणि त्याचं आतलं टोक शेलच्या आतल्या पृष्ठभागाशी सपाट कापा. नोझल आत शिरलेलं राहिलं तर ते बांधासारखं पाणी अडवतं. वरच्या व्हेंट-नोझललाही हाच नियम, तिथे बांध हवेचा होतो. हे वाक्य ड्रॉइंगवर टीप म्हणून लिहा. फॅब्रिकेटर वेल्डच्या सोयीसाठी पाइप आत ढकलतात, आणि बाहेरून ते दिसत नाही.

व्हॅक्यूमखालच्या हीटरचं कंडेन्सेट आपणहून बाहेर येत नाही. शेलमध्ये ०.५ बार निरपेक्ष दाब असेल आणि पाणी उघड्या टाकीत सोडायचं असेल, तर फरकाचा तोल सांभाळायला सुमारे ५.४ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ लागतो, घर्षणाचं त्यावर वेगळं. तेवढी उंची नसेल तर पंप. हा निर्णय मजल्याची उंची ठरवणाऱ्या माणसाला सुरुवातीलाच सांगावा लागतो.

तापमान नियंत्रक वाफेचा व्हॉल्व्ह आवळत असेल तर कमी भारावर शेलचा दाब मागच्या लाइनच्या दाबाखाली उतरतो आणि कंडेन्सेट तुंबतं. अशा ठिकाणी हवा सोडणारी अंगची सोय असलेला फ्लोट ट्रॅप घ्या आणि त्याच्या वर पुरेशी उभी उंची ठेवा. बकेट ट्रॅप हवा अगदी हळू सोडतो, सुरुवातीच्या तासात तो भारी पडतो.

पायरी ४: आडवा एक्स्चेंजर असेल तर

आडव्या शेलमध्ये बॅफलचा काप (चकतीची कापलेली कड) आडवा असला की प्रत्येक खालचा बॅफल धरणाची भिंत होतो. कंडेन्सरला म्हणूनच काप उभा ठेवतात, म्हणजे पाणी तळातून सरळ वाहतं. आडवा काप टाळता येत नसेल तर खालच्या बॅफलना तळाशी आणि वर टेकणाऱ्यांना माथ्याशी खाच द्या. शेलला आउटलेटकडे थोडा उतार द्या. शंभरास एक धरला तर चार मीटरला ४० मिलिमीटर. उताराने खाचेची गरज संपत नाही.

यू-ट्यूब (यू आकारात वाकवलेल्या नळ्या) उभ्या बसवायच्या असतील तर थांबून विचार करा. वाक वर असेल तर प्रत्येक वाकात हवा अडकते, खाली असेल तर प्रत्येक वाकात पाणी, आणि तिथे नोझल देता येत नाही. केटलमध्ये (द्रव उकळवणाऱ्या मोठ्या शेलच्या एक्स्चेंजरमध्ये) वेअरच्या, म्हणजे आतल्या बांधाच्या, दोन्ही बाजूंना ड्रेन लागतो. प्लेट एक्स्चेंजर एका पासचा असेल तर बहुधा आपोआप मोकळा होतो, अनेक पासचा असेल तर पायरी १ ची यादी त्यालाही करा.

पायरी ५: ड्रेनचं माप वेळेवरून ठरवा

१.२ मीटर व्यासाचा, ४ मीटर उंच उभा शेल पाण्याने भरला आहे. नळ्यांनी ४० टक्के जागा व्यापली, तर पाण्याचा आडवा छेद ०.६८ चौरस मीटर, पाणी २.७ घनमीटर. २५ मिलिमीटरच्या ड्रेनने, प्रवाह-गुणांक ०.६ धरून, रिकामं व्हायला ३५ मिनिटं लागतात. ५० मिलिमीटरला ९ मिनिटं. पाइप आणि व्हॉल्व्हचा अडथळा धरला तर दोन्ही वेळा वाढतील. सफाईचा बंद काही तासांचाच असतो आणि हीटर अनेक, त्यात ही अर्ध्या तासाची बचत मोठी आहे.

रसाच्या ड्रेनसाठी ५० पेक्षा लहान माप मी घेत नाही. व्हॉल्व्ह बॉल किंवा गेट प्रकारचा, म्हणजे तुंबला तर सळई सरळ आत जाते. ग्लोबमध्ये ती अडते.

ड्रेन उघडताना व्हेंट बंद असला तर पाणी उतरताना आत व्हॅक्यूम होतो. वाफ भरलेला शेल सगळे व्हॉल्व्ह बंद करून थंड होऊ दिला तर व्हॅक्यूम याहून तीव्र होतो, कारण वातावरणाच्या दाबाला वाफेचं पाणी झालं की आकारमान सुमारे १,६०० पटींनी घटतं. शेल पूर्ण व्हॅक्यूमसाठी तपासलेला नसेल तर व्हॅक्यूम ब्रेकर (आपोआप हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) द्या.

पायरी ६: बाजूला काढलेला हीटर रिकामा आहे, हे कळायला हवं

१३ जून २०१३ रोजी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात गाइस्मर इथल्या रासायनिक कारखान्यात बंद ठेवलेला एक रीबॉयलर (द्रव उकळवणारा हीटर) फुटला. दोन कामगार गेले, १६७ जण जखमी झाल्याची नोंद आहे. रीबॉयलर व्हॉल्व्हने अलग केलेला होता, त्याच्या शेलमध्ये द्रवरूप प्रोपेन जमा झालं होतं, आणि दुसऱ्या बाजूने गरम पाणी सोडल्यावर त्या द्रवाला फुगायला जागा उरली नाही. सेफ्टी व्हॉल्व्हपर्यंतची वाट बंद होती.

आपल्या ज्यूस हीटरमध्ये प्रोपेन नसतं, पण दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आत रस भरलेला, शेलला वाफ चालू, ही स्थिती कोणत्याही पाळीत येऊ शकते. म्हणून रसाच्या प्रत्येक बाजूला, दोन्ही आयसोलेशन व्हॉल्व्हच्या आत, अडवता न येणारा सेफ्टी व्हॉल्व्ह द्या. आत काही आहे का ते पाहता यावं म्हणून तळाच्या ड्रेनचं तोंड डोळ्यांना दिसेल अशा फनेलवर आणा. ते तोंड जाण्यायेण्याच्या वाटेवर नको, आणि व्हॉल्व्ह उघडणारा माणूस त्याच्या समोर उभा राहील असं तर मुळीच नको.

पायरी ७: हायड्रोटेस्टची आणि पावसाळ्याची स्थिती

उभा हीटर वर्कशॉपमध्ये बहुधा आडवा टाकून, पाणी भरून दाबावर टेस्ट होतो. तेव्हा सर्वात उंच बिंदू बदलतो, आणि उभ्या स्थितीसाठी दिलेले व्हेंट कुशीला जातात. आत हवा राहिली तर दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्याच्या कितीतरी पट असते, आणि जोड सुटला तर ती माणसावर सुटते. एएसएमई या अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रेशर व्हेसल कोडमध्ये म्हणूनच टेस्टच्या स्थितीतल्या सगळ्या उंच बिंदूंना व्हेंट मागितले आहेत. पायरी १ ची यादी आडव्या स्थितीसाठी पुन्हा करा. जे जास्तीचे व्हेंट निघतील त्यांना टेस्टनंतर प्लग मारून वेल्ड करायचं की ठेवायचं, तेही ड्रॉइंगवर लिहा.

हंगाम संपला की हीटर मार्च-एप्रिलपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत उभा असतो, त्यात अख्खा पावसाळा जातो. खालच्या ट्यूबप्लेटवर राहिलेलं बोटभर पाणी या सहा-सात महिन्यांत नळीच्या मुळाशी गंज धरतं. म्हणून शेवटच्या दिवशी सगळे ड्रेन उघडा, पाणी थांबल्यावर प्रत्येक ड्रेनमधून सळई घाला, वरचे कॉक काढून ठेवा आणि खालून कोरडी हवा सोडा. कोणत्या ड्रेनमधून किती वेळ पाणी आलं ते वहीत लिहून ठेवा. ज्या ड्रेनमधून काहीच आलं नाही तो बुजलेला असण्याची शक्यता जास्त. तो कप्पा त्याच दिवशी उघडून बघा.